तस्नीमच्या इंग्रजीतल्या चुका

फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये दुसऱ्या वर्षाच्या मुलांच्या जर्नल्सवर सह्या करत होते. पलीकडे तस्नीमचा धाकटा भाऊ नौशाद होता. "मॅडम, आपा गेली. काल दुपारी. दफन पण कालच झालं," एवढं तो एका दमात बोलला. मी काय विचारलं, काय बोलले, मला आठवत नाही. फोन ठेवला तेव्हा समोरच्या सहकारी बाईंनी माझ्या चेहऱ्याकडे बघून काय झालं म्हणून विचारलं. मी नाव सांगितलं. "अरेरे, तुमची लाडकी विद्यार्थिनी ना ती?" त्या म्हणाल्या. मी मान हलवून हो म्हटलं. त्यानंतर आठवडाभर कॉलेजात जो भेटेल तो हेच म्हणत होता, आणि मी प्रत्येकाला हो म्हणत होते...

आता या गोष्टीला पाच आठवडे झाले. लिहायला बसायचं खरं कारण ते 'हो' आहे. तस्नीम माझी लाडकी नव्हती. ती माझ्या वर्गात होती ती तीन वर्षं, आणि त्यानंतरचीही बरीच वर्षं, मी तिच्यावर जळत होते. शिक्षिकेनं सोळा वर्षांच्या मुलीचा हेवा करावा हे लिहितानासुद्धा लाज वाटते. पण ती गेल्यावर लोक तिच्याबद्दल जे चांगलं बोलतात त्यात माझंही नाव घेतात, आणि ते ऐकून घेणं मला आता जमत नाही.

मी मूळची कराडची. लग्न होऊन रत्नागिरीत आले आणि अठ्ठ्याण्णव साली इथल्या एका डिप्लोमा कॉलेजात, कॉम्प्युटर विभागात, लेक्चरर म्हणून लागले. तेव्हा कॉम्प्युटर शिकलेली बाई म्हणजे अप्रूप होतं. शेजारपाजारचे लोक मुलांना कुठल्या लाइनला घालायचं ते विचारायला माझ्याकडे यायचे. नवऱ्याच्या बँकेतली माणसं 'वहिनी कॉम्प्युटरमध्ये आहेत' असं अदबीनं म्हणायची. खरं सांगायचं तर मला जे येत होतं ते सगळं माझ्या कॉलेजच्या एका जाड वहीत होतं, आणि ती वही मी कपाटात कुलूप लावून ठेवायची. वहीबाहेरचं कुणी विचारलं की 'ते आपल्या सिलॅबसमध्ये नाही' हे वाक्य माझ्या ओठांवर तयार असायचं.

तस्नीम त्याच्या पुढच्या वर्षी आली. केळशीची मुलगी. वडील मालवाहू जहाजावर, वर्षातले आठ-नऊ महिने घराबाहेर. ती रत्नागिरीत राजिवड्याला तिच्या खालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहायची. अंगानं बारीक, डोक्यावरून फिकट निळी ओढणी, आणि बोलण्यात तो इकडचा हेल, क्रियापदाच्या शेपटीला लागणारा 'न'. पहिल्याच सहामाहीत मी फळ्यावर एक प्रोग्रॅम लिहून दिला. नावांची यादी घ्यायची आणि ती अक्षरांच्या क्रमानं लावून परत द्यायची, एवढंच त्याचं काम. मुलं उतरवून घेत होती. तिसऱ्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, यात शेवटचं नाव राहील."

"राहणार नाही. पुस्तकातला प्रोग्रॅम आहे," मी म्हटलं.

"मग पुस्तकात पण राहत असेल."

वर्ग हसला. ती उद्धटपणे बोललीच नव्हती. दुपारी लॅबमध्ये आम्ही तो प्रोग्रॅम चालवून पाहिला. दहा नावं दिली, नऊ परत आली. मोजणी एक पायरी आधीच थांबत होती. तस्नीम टाळी वाजवून हसली. मला हरवलं म्हणून हसली असती तर मला सोपं गेलं असतं. ती हसली ते चूक सापडली म्हणून, आणि चूक कुठं लपली होती ते ती मलाच इतक्या आनंदानं दाखवायला लागली, की जणू आम्ही दोघी मिळून ती शोधत होतो. मी फळा पुसला आणि पुढचा धडा घेतला. घरी जाऊन वहीतलं ते पान दुरुस्त केलं. माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली ती त्या दिवसापासून.

आमच्या लॅबमध्ये बारा कॉम्प्युटर होते. त्यातला अकरा नंबरचा बंद पडून कोपऱ्यात गेला होता, त्यावर मुलं दप्तरं ठेवायची. एकदा तस्नीमचे अब्बा सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी सिंगापूरहून तिच्यासाठी एक खोकं आणलं. त्यात सहा सीड्या आणि उशीएवढं जाड पुस्तक. कॉम्प्युटर चालवणाऱ्या त्या लिनक्स प्रणालीचं नाव मी ऐकलं होतं, ती पाहिली नव्हती. लॅब असिस्टंट पावसकरांना तिनं काय सांगितलं कोण जाणे, पण त्यांनी तिला अकरा नंबर दिला. तीन आठवडे ती जेवणाच्या सुट्टीत एका हातात पोळी घेऊन त्या मशीनसमोर बसायची. मशीन कधी अर्ध्यात थांबायचं, कधी पडद्यावर निव्वळ कचरा यायचा. मी जाता येता विचारायची, "काय, झालं का?" आत कुठंतरी 'नाही' ऐकायची वाट बघत विचारायची. "नाय झालं, मॅडम," ती म्हणायची, आणि तेसुद्धा अशा खुशीत, की मला वाटायचं, न झाल्याचा आनंद हिला कसा काय होतो. मला एखादी गोष्ट येत नसली की मी घाबरायचे. तिला एखादी गोष्ट येत नसली की तिचे डोळे चमकायचे. मला हेवा वाटायचा तो याचा. हुशार मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत.

चौथ्या आठवड्यात अकरा नंबर सुरू झाला. मुलं गोळा झाली, पावसकरांनी सगळ्यांना स्वतःच्या खर्चानं चहा पाजला, आणि प्राचार्यांनी मला बोलावून अभिनंदन केलं. मी ते घेतलं. त्या संध्याकाळी मी तस्नीमला म्हटलं, "ते पुस्तक जरा दे. मी वाचलंय तसं, पण पुन्हा चाळते." ती लगेच देऊन मोकळी झाली. वर म्हणाली, "काय अडलं तर मला विचारा, मॅडम. मला पण नाय समजलं निम्मं. दोघी बसू." मी म्हटलं, "अडायचं काय त्यात." घरी एक वर्षाची मुलगी, सासूबाईंची पथ्यं, सकाळचे डबे. ते पुस्तक महिनाभर माझ्या उशाशी राहिलं आणि मी पहिल्या तीस पानांपलीकडे गेले नाही. परत देताना 'ठीक आहे' म्हटलं.

लॅब तिसऱ्या मजल्यावर होती. सकाळचं पहिलं प्रॅक्टिकल माझं असायचं, आणि तस्नीम प्रत्येक वेळी दहा मिनिटं उशिरा यायची. मी जिना चढायला लागले की ती मला दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, खिडकीशी, कठड्याला टेकून बाहेर बघत उभी दिसायची. "चल, वेळ झाली," मी तिला ओलांडताना म्हणायची. "व्हा पुढं मॅडम, आले." मग मी वर जाऊन हजेरी घ्यायची आणि तिच्या नावापुढं लेट मार्क टाकायची. तीन लेट मार्क म्हणजे एक गैरहजेरी, हा नियम मीच काढलेला. इतकं कॉम्प्युटरचं वेड असलेली मुलगी खिडकीतून बंदर बघत वेळ घालवते, हे मला तेव्हा बरंच वाटायचं. तिच्यात काहीतरी कमी आहे, असं त्यातून मनाला सांगता यायचं.

दुसऱ्या वर्षी तिला एक नवं जग सापडलं. एसटी स्टँडजवळ सायबर कॅफे निघाला होता. तिथं ती आठवड्यातून दोनदा जायची. जगभरातली माणसं मिळून प्रोग्रॅम लिहितात, एकमेकांच्या चुका काढतात, आणि तयार झालेलं कुणालाही देऊन टाकतात, हे तिनं तिथं पाहिलं. त्यांच्या मेलिंग लिस्टवर, म्हणजे एकाचं पत्र सगळ्यांना जायचं त्या यादीवर, ती जायला लागली. कॅफेतला वेळ वाया जायला नको म्हणून पत्रं आधीच अकरा नंबरवर लिहून फ्लॉपीत न्यायची, आणि उत्तरं फ्लॉपीत भरून आणायची. पावसाळ्यात फ्लॉप्या सादळतात म्हणून त्या स्टीलच्या जेवणाच्या डब्यात ठेवायची. एकदा एक मोठी फाइल अकरा फ्लॉप्यांवर तुकडे करून आणलीन आणि नववी खराब निघाली. परत गेली. त्या लिस्टवरची माणसं टोपणनावांनी वावरायची, कुणी मूर्ख प्रश्न विचारला तर 'आधी माहितीपत्रक वाच' म्हणून फाडकन अंगावर जायची. तिलाही ते पहिल्यांदा ऐकावं लागलं. मला ते कळल्यावर, खरं सांगते, बरं वाटलं होतं. पण महिन्याभरानं तीच कुणा नवख्या पोराला तसंच झापताना दिसली. तिचा स्वभाव काही साखरेचा नव्हता. जो वाचत नाही त्याची ती कीव करायची, आणि ते लपवायची नाही.

"पण या सगळ्याचा मालक कोण?" मी एकदा तिला विचारलं.

"कोणच नाय. म्हणजे सगळे."

"आणि फुकट काम कोण करतं?"

ती म्हणाली, "ज्याला राहवत नाय तो."

त्याच सुमारास तिला मराठीतली ती चूक सापडली. कॉम्प्युटरवर देवनागरी नुकती कुठं उमटायला लागली होती, आणि ज्यांनी ते काम केलं त्यांना मराठीतलं अर्धं 'र' माहीत नव्हतं. तस्नीमनं एकदा 'सह्याद्रीच्या दऱ्या' असं लिहिलं आणि पडद्यावर आलं 'सह्याद्रीच्या दर्या'. डोंगरावर समुद्र आला म्हणून ती दिवसभर हसत होती. मग तिनं बसून त्या परदेशातल्या माणसांना पत्र लिहिलं, की आमच्याकडे दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे दोन डोंगरांमधली खोल जागा, आणि माझे वडील एकात असतात व माझं कॉलेज दुसरीच्या तोंडाशी आहे, तेव्हा हे दोन्ही वेगळे दिसणं गरजेचं आहे. सोबत तिनं दुरुस्तीही करून पाठवली. ती तीनदा परत आली. चौथ्यांदा घेतली गेली, आणि बदलांच्या यादीत तिचं नाव लागलं.

तिचं पत्र आणि त्यांचं उत्तर असलेला छापील कागद घेऊन ती धावत... नाही, ती धावायची नाही. चालतच आली. "मॅडम, बघा." मी सगळं वाचलं. कुणा अनोळखी माणसानं तिचे आभार मानले होते, तिला असल्या आणखी चुका कळवायला सांगितलं होतं. बत्तीस विद्यार्थ्यांच्या पुढं उभी राहणारी मी, माझं नाव कॉलेजच्या वार्षिक अंकाबाहेर कुठंही छापून आलेलं नव्हतं. मी कागद परत देत म्हटलं, "तुझ्या पत्रात इंग्रजीच्या दोन चुका आहेत."

तिचं तोंड उतरेल अशी माझी अपेक्षा होती. तिनं माझ्याच टेबलावरचं पेन उचलून माझ्या हातात दिलं. "कुठं, मॅडम? दाखवा ना. इंग्रजी माझं कच्चंच आहे. ते लोक समजून घेतात, पण लाज वाटते."

मी चुका दाखवल्या. पुढच्या आठवड्यात ती दुसरं पत्र घेऊन आली. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिसरं. अशी मी तिच्या इंग्रजीची मास्तरीण झाले. कागदावर लाल पेन चालवताना मला बरं वाटायचं, कारण तेवढ्या एका जागेवर ती माझ्या खाली होती. आणि त्याच कागदांमधून मी लपून शिकत होते. तिचे प्रश्न, त्यांची उत्तरं, कमांड्स, सगळं मी वहीत उतरवून घ्यायची. पुढं कॉलेजात लिनक्स शिकवायची वेळ आली तेव्हा मी जे शिकवलं ते याच पानांवरचं होतं. तिला मी हे कधी बोलून दाखवलं नाही.

आता तिसऱ्या वर्षाची गोष्ट. ती टाळून हा लेख पुढं जाणार नाही. पुण्याच्या एका कंपनीनं प्राचार्यांना पत्र पाठवलं, की तुमच्याकडची एक मुलगी किंवा मुलगा आम्हाला सुचवा, आम्ही सहा महिने शिकवून नोकरीवर ठेवू. असं पत्र आमच्या कॉलेजात पहिल्यांदाच आलं होतं. प्राचार्यांनी मला विचारलं, "तस्नीमचंच नाव देऊ या ना?" मी म्हटलं, "सर, तिची हजेरी बघा. कंपनीत असं चालणार नाही. नाव आपल्या कॉलेजचं खराब होईल." त्यांनी हजेरीपुस्तक मागवलं. त्यात माझ्याच अक्षरातले लेट मार्क रांगेनं उभे होते. दुसऱ्या एका मुलीचं नाव पत्रात गेलं. चांगली, व्यवस्थित, वेळेवर येणारी मुलगी होती. तिचं पुढं भलं झालं, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तस्नीम दोन दिवसांनी आली. "माझं नाव का नाय गेलं, मॅडम?"

"हजेरी," मी म्हटलं.

तिनं शांतपणे सांगितलं, की लहानपणी तिला ताप यायचा, सांधे धरायचे, त्यात हृदयाची एक झडप गेली. दोन मजले चढले की दम लागतो, थांबावं लागतं. "थांबले नाय तर पडेन, म्हणून थांबते. कॉलेजात सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर अम्मीला बोलावून मला घरी पाठवलं असतंत तुम्ही लोकांनी."

तेव्हा अकरा वाजले असतील. प्राचार्यांची खोली माझ्या टेबलापासून चाळीस पावलांवर होती. पत्र अजून टपालात पडलं नव्हतं, हे मला माहीत होतं. मी उठले नाही. तिला म्हटलं, "तब्येतीला जप." ती 'हो मॅडम' म्हणून गेली. मी त्या दिवशी का उठले नाही, याची कारणं मी नंतर खूप शोधली. एकच सापडलं. ती पुण्याला गेली असती तर दोन वर्षांत माझ्या कुठल्या कुठं पुढं गेली असती, आणि सगळं गाव मला विचारत राहिलं असतं, तुमची तस्नीम काय म्हणते.

डिप्लोमा झाला आणि ती केळशीला परत गेली. मला वाटलं, संपलं. पण तीन महिन्यांत तिची मेल आली. घरात फोनची लाइन होती, अब्बांनी एक कॉम्प्युटर घेऊन दिला होता, आणि ती आता प्रोग्रॅममधले शब्द मराठीत आणायच्या कामाला लागली होती. सोबत इंग्रजी पत्राचा मसुदा होता. खाली लिहिलं होतं, 'चुका दाखवा.' मी दाखवल्या. मग पाच-सहा वर्षं हे चालू राहिलं. पावसात लाइन दहा दहा दिवस मरायची, तेवढा खंड. मराठी शब्दांवरून आमची भांडणं व्हायची. मी संस्कृतातले भारदस्त शब्द सुचवायची, ती उलट लिहायची, 'हा शब्द अम्मीला विचारला. अम्मी म्हणते, हे औषधाचं नाव आहे काय?' तिची कसोटी ती एकच, अम्मीला कळलं पाहिजे. ते शब्द पुढं पुष्कळांनी वापरले. तिला कामं मिळायला लागली, पुण्यातले, परदेशातले लोक तिला आदरानं लिहायचे. केळशीच्या घरातून न हलता ती तिथं पोचली जिथं मी तिला जाऊ दिलं नव्हतं... आणि मी रत्नागिरीत बसून लाल पेन चालवत होते.

एकदा मी एक नवी सीडी कॉम्प्युटरवर चढवत असताना सहज त्या मराठी कामाच्या श्रेयांची फाइल उघडली. मोठी यादी होती. वर तस्नीमचं नाव, आणि अगदी खाली, आभारांमध्ये, माझं. पुढं लिहिलं होतं, 'इंग्रजी तपासल्याबद्दल'. तिनं मला विचारलंही नव्हतं. दुसऱ्या कुणाला याचा आनंद झाला असता. मला पहिला विचार आला तो, तळाला का. दुसऱ्या दिवशी मात्र मी त्या पानाची प्रत काढली आणि वर्षाच्या कामाच्या अहवालाला जोडली, 'आंतरराष्ट्रीय प्रकल्पात सहभाग' असं लिहून. त्याचा मला उपयोगही झाला.

दोन हजार चारमध्ये मुंबईला तिचं ऑपरेशन झालं. धातूची झडप बसवली. बरी होऊन आल्यावर तिनं फोन केला, म्हणाली, "मॅडम, आता मी टिकटिक वाजते. शांत खोलीत बसलं की ऐकू येतं. मशीनमध्ये घड्याळ असतं ना, तसं." तिचा तो आवाज ऐकून मला राहवलं नाही. फोनवर धीर झाला नाही, पण चार दिवसांनी मी तिला मेल लिहिली. पुण्याच्या पत्राचं सगळं सांगितलं. लेट मार्कांचं, प्राचार्यांचं, मी उठले नाही त्याचं. शेवटी लिहिलं, 'मला तुझा हेवा वाटत होता. अजूनही वाटतो.'

तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ते मी जपून ठेवलं आहे, पण इथं सगळं देत नाही. तिनं लिहिलं होतं, की पत्राचं तिला तेव्हाच पावसकरांकडून कळलं होतं, आणि वर्षभर तिला माझा भयंकर राग होता. पहिली मेल पाठवली तीसुद्धा गरज होती म्हणून, कारण इंग्रजी तपासायला दुसरं कुणी नव्हतं. मग पुढं लिहिलं होतं, 'मी पण तुमच्यावर जळायची. तुम्ही एका हातात जर्नलांचा गठ्ठा, एका हातात पर्स, आणि तीन मजले एका दमात चढून जायचात. वळणावर मला ओलांडून. तुमच्या चपलांचा आवाज वरपर्यंत न थांबता जायचा, तो मी मोजायची. मला वाटायचं, ही बाई एकदा तरी थांबू दे.' त्याखाली नेहमीसारखा इंग्रजी मसुदा होता. चुका दाखवा.

तिनं मला माफ केलं होतं असं ती कुठंही म्हणाली नव्हती, आणि मला त्याचं बरं वाटलं.

त्या झडपेसाठी तिला रोज गोळी होती, आणि रक्त पातळ राहतंय ना ते बघायला ठरलेल्या मुदतीनं दापोलीला जाऊन तपासणी. तिला त्याचा कंटाळा होता. कामात गुंतली की ती तारीख पुढं ढकलायची, अम्मीला 'करून आले' म्हणून सांगायची. मी दोनदा रागावून लिहिलं. दोन्ही वेळा तिनं विषय बदलला. या वेळी तीन महिने ती गेलीच नव्हती, असं नंतर कळलं. झडपेवर रक्ताची गुठळी झाली. दापोलीला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पंचवीस वर्षांची होती.

मी केळशीला गेले ते तीन आठवड्यांनी. एसटीनं पोचायला अर्धा दिवस गेला. घर खाडीच्या बाजूला, पुढं पोफळीची चार झाडं. तिच्या अम्मींना मी पहिल्यांदाच बघत होते. साठीच्या आतल्या, ठेंगण्या, हातात ओला फडका. "बसा, मॅडम. नौशाद बाजारात गेलाय, येईल आता," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या. मी काय बोलायचं ते येताना सगळ्या वाटेनं ठरवलं होतं. त्याऐवजी समोर आला तो चहा घेतला. चहा झाल्यावर त्यांनी मला तिची खोली दाखवली. खिडकीशी टेबल, त्यावर कॉम्प्युटर, बाजूचं झाकण काढलेलं आणि आत वारा जावा म्हणून टेबलफॅन लावलेला. मशीन चालू होतं.

"कोणी लावलं?" मी विचारलं.

"मीच लावते. रोज," अम्मी म्हणाल्या. "तिने शिकवलंन मला. तिचे ते मराठी शब्द बरोबर बसतात का, ते ती माझ्यावर बघायची. मी चौथी शिकलेली. मला म्हणाली, अम्मी, रोज एक ओळ लिही, काय पण लिही. मग मी लिहायला लागले."

त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि एक फाइल उघडली. सगळे शब्द मराठीत होते, आणि त्यांचा हात त्यावर असा फिरत होता, जसा माझा आजही फिरत नाही. फाइलमध्ये ओळींमागून ओळी होत्या. 'आज बांगडे मिळाले.' 'नौशाद मुंबईस गेला.' 'लाइट नाही.' 'अब्बांचा फोन, बंदराचे नाव समजले नाही.' अशी चार वर्षं. वेलांट्या चुकलेल्या, शब्द जोडलेले. मी वाचत खाली खाली गेले. त्या दिवसाची ओळ होती, 'तस्नीमला दापोलीस नेले.' त्यानंतर तीन दिवस काही नाही. मग, 'घरात माणसे खूप.' आणि मग पुन्हा रोज.

मी सोळा-अठरा वर्षांच्या मुलांना शिकवते. इतक्या वर्षांत मी एकाला तरी असं काही शिकवलं का, जे मी नसताना तो रोज उठून करेल? मला तिथं, तिच्या खोलीत, तिच्या आईशेजारी उभं राहूनसुद्धा तिचा हेवा वाटला. तो जाणार नाही, हे मला तिथं कळलं.

"आजची राहिली," अम्मी म्हणाल्या, आणि एकेक अक्षर शोधत लिहायला लागल्या. 'रत्नागीरीच्या मॅडम आल्या. चहा घेतला. जेवल्या नाहीत.' लिहून झाल्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "गाडी किती वाजता तुमची?"

"गाड्या आहेत नंतरच्या," मी म्हटलं. "जेवून जाते."

त्या परत पडद्याकडे वळल्या, आणि शेवटचा शब्द, एकेक अक्षर करून, मागून पुसत गेल्या.